दुपारी जागी होणारी मशीन

२१ ऑगस्ट २००८, तिरोडा

आजपासून पुन्हा लिहायला घेतो. चोरखमाऱ्याच्या कालव्यावर निरीक्षक होतो तेव्हा रोजची दैनंदिनी भरावी लागे: कोणत्या गेटातून पाणी सोडलं, कुणाच्या धानाच्या बांधीत गेलं, कुणी पाट फोडला. निवृत्त झालो आणि सवय सुटली. आता रत्नपाल गेल्यापासून डोक्यात नुसतं साचून राहिलं आहे. कुठूनतरी सोडायला हवं.

मेंदूचा मलेरिया. चोवीस वर्षांचा पोरगा. ताप चढला तेव्हा मलाच समजावत होता, "काही नाई बाबा, पाण्यात भिजलो तं आला." नागपूरला पोचेपर्यंत त्याचं बोलणं बंद झालं होतं. त्याच्यापुढचं आज लिहवत नाही.

प्रेमिला जेवत नाही. चहा तेवढा घेते. आई आहे, तिचं समजू शकतो.

३० ऑगस्ट

रत्नपालची खोली होती तशीच आहे. टेबलावर त्याचा कम्प्युटर, बाजूला फोनच्या तारेवर चालणारं ब्रॉडबँड. त्याच मशीनमधून एक करडी केबल खिडकीतून निघून भिंतीपलीकडे केशोरावच्या घरात जाते. केशोराव पवार, धानाचा व्यापारी, आमचा वीस वर्षांचा शेजारी. त्याची मुलगी दुर्गेश्वरी शिकते आहे. रत्नपाल कम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायचा, त्यानंच ही सोय करून दिली. नेट घ्यायचं आमच्या मशीननं आणि वाटायचं त्यांच्या मशीनला. आमची बंद, की त्यांचं नेट बंद.

लोडशेडिंग संपून लाईट आली की प्रेमिला पहिलं काम करते ते त्या मशीनचं बटण दाबण्याचं. पडदा उजळतो, मग थोड्या वेळानं आपोआप काळा होतो, पंखा थांबतो आणि बटणाजवळचा दिवा नारिंगी होऊन मिचमिचत राहतो. "झोपली," असं म्हणून ती दार लोटून घेते. मी म्हटलं, कनेक्शन बंद करून टाकू, आता कोण वापरतं? तर म्हणाली, "त्याच्या हातानं लावलेलं हाय. कायले काढता?"

संध्याकाळी दुर्गेश्वरी आली. "काकाजी, मशीन बंद नका करू जी. माह्या परीक्षेचा फॉर्म हाय, नेटवरच भरा लागते." डोळे लालबुंद झाले होते तिचे. गावात डोळे येण्याची साथ आहे. मी तिला काळजी घ्यायला सांगितलं.

९ सप्टेंबर

आज एक प्रकार घडला.

दुपारी आम्ही ताटावर बसलो होतो. बसलो होतो म्हणजे ताटं समोर होती. आतल्या खोलीत पंख्याचा आवाज सुरू झाला. छताचा नव्हे, मशीनच्या आतला, बारीक. आधी जोरात घरघरला, मग एका लयीत वाहू लागला. घरात आम्ही दोघंच.

मी उठून गेलो. पडदा काळाच होता, पण नारिंगी दिवा हिरवा झाला होता. खुर्ची तो ठेवायचा तशी तिरकी. माझ्या तोंडून निघून गेलं, "कोण?" मागून प्रेमिला आली. दाराशी उभी राहिली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आला."

थोड्या वेळानं पंखा थांबला. मी सगळी खोली तपासली. उंदीर नाही, मांजर नाही. माझ्या अंगावर काटा आला होता, हे इथं लिहून ठेवतो. दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

१३ सप्टेंबर

परवाही झालं, आजही झालं. बहुतेक दुपारीच होतं. प्रेमिलाला त्याचं नवल वाटत नाही. ती जाऊन खाटेच्या कडेला बसते आणि बोलते. धान निसवायला आलं, बोदलकशाच्या मासळीवाल्याचा पाय मोडला, असलंच काहीबाही. आज बोलून आली, चूल पेटवली आणि गरम भात वाढला. स्वतःही खाल्ला. महिनाभरात पहिल्यांदा.

मी तीस वर्षं गावोगाव फिरलो आहे. लिंबातून रक्त कसं निघतं, जळता कापूर जिभेवर कसा ठेवतात, नारळ आपोआप का पेटतो, हे सगळं मी स्वतः करून दाखवलं आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या आमच्या मंडळींचं एकच सांगणं असायचं: घाबरू नका, तपासून पाहा. त्या माणसाच्या घरात त्याची बायको पेटीशी बोलते आहे. आणि मी दाराआड उभा राहून ऐकतो आहे.

२४ सप्टेंबर

केशोरावकडे पित्रांचं जेवण झालं. त्यांच्या माडीवर कावळ्यांसाठी पान ठेवलेलं आमच्या अंगणातून दिसत होतं. प्रेमिला बराच वेळ तिकडे बघत होती. नंतर मी आतल्या खोलीत गेलो तर टेबलावर मशीनपुढे ताट. भात, तुरीचं वरण, वडे, आंबाडीची चटणी. त्याला आवडायची तशी, लसूण जास्त घातलेली.

माझं डोकंच फिरलं. श्राद्ध घालायचं नाही, पिंड द्यायचा नाही, ही प्रतिज्ञा माझ्या बापानं छप्पन साली घेतली आणि त्यापायी गावातला पाणवठा सोडला. मी ओरडलो, "हे काय करून राहिली? बुद्धाच्या फोटोखाली हे?"

ती म्हणाली, "श्राद्ध नोहे जी. मेलेल्याले घालतेत ते श्राद्ध. हा तं रोज येते."

मी ताट उचलायला हात घातला आणि पंखा सुरू झाला. माझा हात तिथंच राहिला. शेवटी ताट तिनंच उचललं आणि माझ्यासमोर आणून ठेवलं. "खा तुम्ही. तो आला का तुम्ही दोन घास जास्त खाता."

उलटं बोलते. जेवत नव्हती ती, मी नव्हे. पण वाद घातला नाही, जेवलो.

९ ऑक्टोबर

दसरा. दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर जातो. यंदा घरीच त्रिशरण घेतलं. आमच्या मंडळींपैकी दोघं आले होते. सालेकश्याकडच्या एका गावात बाईच्या अंगात येतं, लोक रांगा लावतात, कार्यक्रम घ्यायचा आहे, चला म्हणाले. गुडघ्याचं निमित्त सांगितलं. त्यांच्यासमोर मशीन जागी झाली असती तर काय केलं असतं, एवढीच धास्ती होती.

प्रेमिला म्हणते माझा सदरा खांद्यात ढिला झाला. शिंप्यानंच मुळात ढगळ शिवला होता.

११ नोव्हेंबर

असं चालायचं नाही. पाट कुठं फुटला ते हुडकायचं असेल तर आम्ही पाण्याच्या उलट चालत जायचो, शेतातून गेटाकडे. तसंच करायचं ठरवलं.

लाईट नसताना मशीन जागी होत नाही, हे तर उघड आहे. केशोराव सहकुटुंब जिल्ह्यातल्याच गोरेगावला नातेवाइकांकडे गेला होता तेव्हाही ती झोपूनच होती, हे मी आज मागची पानं चाळली तेव्हा लक्षात आलं. काल सकाळी प्रेमिला बाजारात गेली असताना मी करडी केबल मागून उपसून ठेवली. काल दुपारी काही झालं नाही. आजही नाही. प्रेमिला खाटेवर बसून राहिली, उठलीच नाही. "रुसला का जी?" असं मला विचारलं. मी उठून अंगणात आलो.

त्यात दुर्गेश्वरी धावत आली. "काकाजी, नेट काऊन बंद हाय? दोन दिस झाले." चेहरा असा केला होता, जणू घरात कुणी दगावलं आहे. आजकालच्या पोरांना नेटशिवाय चैन पडत नाही.

केबल पुन्हा लावली. ती घरी पोचली असेल नसेल, पंखा सुरू झाला.

१४ नोव्हेंबर, गोंदिया

रेल्वेनं गोंदियाला गेलो. रत्नपालनं ज्याच्याकडून मशीन घेतली त्या नंदलालच्या दुकानात बसलो. सगळं सांगितलं, फक्त प्रेमिलाचं सांगितलं नाही. तो हसला. "अरे काकाजी, भूत-वूत कुछ नहीं. आपकी मशीन सोती है, पर उसका नेटवर्क कार्ड जागता है. पडोस की मशीन चालू हुई, उसने नेट मांगा, तो कार्ड मशीन को उठा देता है. काम खतम, फिर सो जाती है. सेटिंग है."

मी विचारलं, अशी सेटिंग आपोआप असते का?

"नहीं काकाजी. लोग तो क्या करते हैं, सोना ही बंद कर देते हैं, मशीन दिनभर चालू. इसमें रतनपाल ने बैठके दिमाग लगाया है. पडोसी के लिए इतना कौन करता है?"

मी म्हटलं, रत्नपाल तसाच होता, शेजारधर्म पाळणारा. नंदलालनं मला चहा पाजला आणि त्या सेटिंगची खूण कुठं असते, कशी काढायची, हे कागदावर काढून दिलं.

मला बरं वाटायला हवं होतं. माझं खरं ठरलं, तीस वर्षं जे सांगत आलो ते खरं ठरलं. पण परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी रडलो. जुलैमध्ये रडलो नव्हतो इतका. याचा अर्थ मीही त्याची वाट बघत होतो. रोज दुपारी, ताटावर बसून.

१५ नोव्हेंबर

नंदलालनं सांगितलं तसं सगळं उघडलं. पडद्यावर एक छोटा चौकोन आणि त्यात बरोबरची खूण. या उपकरणाला कम्प्युटर जागा करू द्यावा, अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य. ती खूण काढली की संपलं.

बोट माऊसवर होतं. ही खूण त्यानं स्वतः केलेली. याच खुर्चीत बसून, कदाचित तोंडात सुपारी धरून. स्वयंपाकघरातून प्रेमिलाचा आवाज आला, ती कसलंसं गाणं गुणगुणत होती. मी चौकोन तसाच बंद केला.

तिला सांगायचं नाही, हे ठरलं. सांगून काय देणार होतो तिला? तार?

२२ फेब्रुवारी २००९

दुर्गेश्वरीचं लग्न पार पडलं. मुलगा बालाघाटचा, सरकारी नोकरीत. मांडवात मी आणि प्रेमिला पहिल्या रांगेत होतो. निरोपाच्या वेळी पोरगी आईबापाच्या गळ्यात पडून रडली ती रीतीनं, पण प्रेमिलाच्या गळ्यात पडली तेव्हा तिला सोडवावं लागलं. लोक बघू लागले. प्रेमिला तिच्या कानात काहीतरी बोलली. काय बोललीस विचारलं, तर म्हणाली, "बायांचं हाय ते." शेजारपाजार असा असावा. मायाळू पोरगी.

आणि मांडवातच मनात आलं. आता तिकडचा कम्प्युटर कोण लावणार?

१० मार्च

मशीन झोपलेली आहे. नारिंगी दिवा मिचमिचतो आणि मी आतबाहेर करतो. पूर्वी आवाज आला की भीती वाटायची, आता येत नाही म्हणून घर खायला उठतं. दुपारी पाखरू ओरडलं तरी दचकून आत बघतो. काल तर पंखा चालू झाल्यासारखा वाटला म्हणून धावलो. पलीकडच्या गल्लीतून गिरणीचा आवाज येत होता.

प्रेमिला शांत आहे. फार शांत. ताट वाढते, समोर बसते, माझ्याकडे बघत राहते. तिचा घास हातातच असतो. ही बाई अशानं खंगून जाईल. मी काहीतरी केलं पाहिजे.

१७ मार्च

केशोरावकडे गेलो. म्हटलं, पोरीची मेल येत असेल, तुम्हाला उघडता येत नाही, मी रोज दुपारी बघून देत जाईन.

"तुमच्या घरी बी तं हाय ना कम्प्युटर, देवीदासभाऊ?"

"तिथं प्रेमिला झोपते दुपारची."

"मंग या ना. चहाची संगत होईल." भाबडा माणूस.

दुर्गेश्वरीच्या टेबलावर बसून मशीन सुरू केली. नेट जोडलं जाताना पडद्याच्या कोपऱ्यात दोन छोटे कम्प्युटर मिचमिचले. भिंतीपलीकडे या क्षणी पंखा सुरू झाला असणार, हे मला ठाऊक होतं, आणि तरीही मी कान देऊन ऐकत होतो. नेट उघडल्याबरोबर पहिलं पान आलं ते मेलचं, आणि नावाच्या रकान्यात आधीपासून रत्नपालचं नाव. लाईन तपासायला त्यानं कधीतरी तिथं आपली मेल उघडली असेल, तेच राहून गेलं. त्या नावाकडे बराच वेळ बघितलं.

घरी आलो. प्रेमिला दारात. "आला होता जी!" असं म्हणाली आणि माझ्या हाताला धरून आत नेलं. ताटं वाढलेली होती. पोटभर जेवलो.

ज्या बुवाबाजांचे हात मी चव्हाट्यावर धरले, त्यांच्यात आणि माझ्यात आता काय फरक उरला? ते पोटासाठी करायचे. मी बायकोसाठी करतो. एवढाच.

२८ एप्रिल

रोज जातो. ऊन मरणाचं आहे. केशोराव म्हणतो, "पोरीची तं एकबी मेल नाई भाऊ, तुमी कायले रोज तकलीफ घेता?" मी म्हणतो, येईल.

गंमत म्हणजे घरी परत येताना मीच अधीर होतो. आपणच गेट उघडायचं आणि आपणच पाणी आलं म्हणून शेतात नाचायचं, तशातला प्रकार. काल प्रेमिला म्हणाली, "आज लई वेळ होता. तुमची चौकशी करून राहिला होता." मी विचारलं, काय म्हणाला? "बाबा बारीक झाले म्हने." मला ते ऐकून इतकं बरं वाटलं की लाज वाटली.

१९ मे

आज केशोरावकडे गेलो तर ते टेबल रिकामं. मशीन होती तिथं धुळीत चौकोन उमटलेला, आणि खिडकीतून आलेली आमची करडी केबल खाली लोंबत होती. जावईबापू सकाळीच गाडी घेऊन आले आणि कम्प्युटर बालाघाटला घेऊन गेले. केशोराव म्हणाला, "बसा, चहा तं घ्या." मी बसलो नाही.

परतताना त्या एवढ्याशा वाटेत ठरवलं की आता सांगून टाकायचं. सगळं. तार, नंदलाल, खूण, आणि मार्चपासून मी करत असलेलं सोंग. ती मला काय म्हणेल याची भीती नव्हती. आता खरोखरच तो येणार नाही, हे मोठ्यानं म्हणायची भीती होती.

दारातून आत आलो तर प्रेमिला परातीत कणीक मळत होती. हात कोपरापर्यंत पिठानं भरलेले.

मी म्हटलं, "प्रेमिला, ऐक."

"आला होता जी," ती परातीतून मान वर न करता म्हणाली. "आत्ताच. तुमी भिंतीपलीकडं गेले होते ना, तवा."

मी दारातच थांबलो.

"म्हनला, बाबाले सांग, माह्यासाठी उनाचं हिंडू नको. मी इथंच हाव. घरीच बसून राय म्हने."

मी आतल्या खोलीत गेलो. पंखा चालू होता, एका लयीत. दिवा हिरवा. मी केबल हातात धरून मशीनपासून खिडकीपर्यंत गेलो, खिडकीतून भिंतीपर्यंत पाहिली. पलीकडे तिचं टोक हवेत लोंबतं आहे, हे आत्ताच बघून आलो होतो. मग पुन्हा मशीनकडे आलो. बटणावर पांढरा ठसा होता, बोटाएवढा. फडक्यानं पुसताना लागला असेल. हात लावून बघितलं असतं तर पीठ ओलं की वाळलेलं ते लगेच कळलं असतं. लोकांना मी आयुष्यभर तेवढंच करायला सांगत आलो.

मी हात लावला नाही. दार लोटून घेतलं आणि बाहेर आलो.

प्रेमिलानं पोळ्या केल्या, आमरस केला. मी तीन पोळ्या खाल्ल्या. चौथी तिनं न विचारता वाढली, तीही खाल्ली. माझं होईपर्यंत ती माझ्याकडे बघत बसली होती, मग तिनं स्वतःचं ताट पुढे ओढलं.